खालची जाड पट्टी

फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली अडकवलेला इन्स्टंट फोटो कधीतरी दुपारी निवांत हातात घेऊन बघावा. तीन बाजूंना बारीक पांढरी कड आणि खाली ऐसपैस पट्टी. लोक तिथे तारीख लिहितात, हौशी मंडळी लाल बदामही काढतात. पट्टी काही त्यासाठी दिलेली नाही. तिच्या आत रसायनाची चपटी पुडी असते. रसवंतीच्या चरकातून ऊस निघावा तसा फोटो कॅमेऱ्यातल्या दोन रोलरांमधून लगेच बाहेर येतो, पुडी फुटते आणि पेस्ट दोन थरांच्या मधोमध सारखी पसरते. अंधाऱ्या खोलीतलं सगळं काम मग तिथेच, त्या पातळ जागेत उरकतं.

म्हणून ही पट्टी कातरीने छाटून 'नीट चौकोनी' करणाऱ्यांचा राग येतो. कड कापली की थर सुटतात, आत हवा शिरते आणि ओली अल्कधर्मी पेस्ट बोटांना लागते ती वेगळीच.

फोटो हलवायचाही नसतो. ही सवय जुन्या, सोलून काढायच्या फिल्मची. तो फोटो वरून ओलसर असायचा, वाळवायला हलवत. १९७२च्या एसएक्स-७० या पोलरॉइड कंपनीच्या कॅमेऱ्यापासून सगळं बंद पाकिटात आहे. हलवून लवकर काही होत नाही, उलट फोटो वाकला तर पेस्ट फाटते आणि मधे रेघा उमटतात. चित्र पूर्ण उमटायला फुजीफिल्मच्या इन्स्टॅक्स मिनीला साधारण दीड मिनिट लागतं, पोलरॉइडच्या रंगीत फोटोला दहा-पंधरा मिनिटं. पोलरॉइड बाहेर पडल्या पडल्या पालथा ठेवावा, कारण प्रकाश त्याच्या तोंडाकडूनच लागतो. इन्स्टॅक्सवर चित्र उमटतं पाठीमागून आणि आपण बघतो पुढून, त्यामुळे त्याला उजेडाचं तेवढं भय नाही.

१९४३ साली अमेरिकेतल्या सांता फे गावी पोलरॉइडचे संस्थापक एडविन लँड यांच्या तीन वर्षांच्या मुलीने विचारलं, आत्ता काढलेला फोटो लगेच का नाही दिसत? हा किस्सा लँड स्वतः सांगत. पाच वर्षांनी, १९४८च्या नोव्हेंबरात, बॉस्टनच्या एका दुकानात त्यांचा इन्स्टंट कॅमेरा विकायला आला. आपल्याकडची पोरं तर उत्तराला पाच मिनिटंही देत नाहीत.

इन्स्टॅक्स मिनीत एका बटणाला साधारण पन्नास-साठ रुपये जातात, तेव्हा दाबण्याआधी थोडं बघून घ्यावं. मिनी १२ या कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद होत नाही आणि त्याचा जोर दोन-सव्वादोन मीटरपर्यंतच. मंगल कार्यालयात स्टेजखाली उभं राहून वरच्या नवरा-नवरीचा फोटो काढला की काळ्या भिंतीपुढे दोन पांढुरके ठिपके येतात. एक ते दीड मीटरवर जावं. त्याहून फार जवळ गेलं की हळद लागलेला चेहराही पांढराफटक पडतो. कमी उजेडात शटर अर्ध्या सेकंदापर्यंत उघडं राहतं, म्हणून कोपरं पोटाशी घट्ट धरावीत आणि समोरच्याला हलू नको म्हणून दम द्यावा. काचेसमोर, आरशासमोर फ्लॅश सरळ परत येतो. जरा तिरकं उभं राहायचं. आणि भिंग एका जागी, बघायची खिडकी दुसऱ्या जागी असल्यामुळे जवळच्या फोटोत दिसतं तसं येत नाही. डोक्याभोवती चांगली मोकळी जागा सोडायची, नाहीतर मावशींचा फक्त अंबाडा येतो.

मे महिन्यात फिल्म गाडीत ठेवली तर रंगांचा बट्ट्याबोळ ठरलेला. पोलरॉइडची फिल्म १३ ते २८ अंशांत बरी वागते. उन्हाळ्यात पिवळट-लालसर, थंडीत निळसर-हिरवट. न उघडलेली पाकिटं फ्रिजमध्ये ठेवावीत, फ्रीझरमध्ये कधीच नाही, आणि वापरण्याआधी काही तास बाहेर काढून ठेवावीत. दर फोटोत ठरावीक अंतरावर तेच ठिपके येऊ लागले की रोलरवर वाळलेली पेस्ट चिकटली आहे असं समजावं. पोलरॉइडचे रोलर पाकीट संपल्यावर ओलसर मऊ फडक्याने पुसता येतात. फोटो शिल्लक असताना इन्स्टॅक्सचं मागचं झाकण उघडलं तर मात्र फिल्मला उजेड लागतो, मग हळहळण्यापलीकडे काही करता येत नाही.

आता फ्रेम. फ्रेमवाला फोटो हातात घेऊन पहिलं हेच विचारतो, "माउंट आतपर्यंत घेऊ ना?" म्हणजे फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीने पांढरी पट्टी झाकू ना. नको म्हणावं. पट्टी झाकली की उरतो तो ६२ बाय ४६ मिलिमीटरचा एक बारका फोटो, तसा कुठल्याही स्टुडिओत निघतो. मिनीचा अख्खा कागद ८६ बाय ५४ असतो. आम्लमुक्त माउंटमध्ये ९२ बाय ६० ची खिडकी कापून घ्यावी, म्हणजे चारी बाजूंना तीन-तीन मिलिमीटरची फट सुटते आणि फोटो मधे मोकळा दिसतो. मागच्या पुठ्ठ्यावर तो पारदर्शक कोपऱ्यांत बसवायचा. फेविकॉल नको, सेलोटेप नको, लॅमिनेशन तर अजिबात नको.

काच फोटोला टेकता कामा नये. मधे चार-पाच मिलिमीटरची पट्टी घालून घ्या, फ्रेमवाला कुरकुरेल, ऐकू नका. पावसाळ्यात कोकणातल्या घरात काचेला चिकटलेला फोटो सोडवायला गेलात तर वरचा थरच फाटू शकतो. नवा फोटो काही आठवडे सुकू द्यावा, लगेच बंद करू नये. फ्रेम बाहेरच्या ओल्या भिंतीवर, स्वयंपाकघरात किंवा उन्हाच्या खिडकीसमोर लावू नये. रंग उडतात, अतिनील किरण अडवणारी काच घातली तरी थोडे उडतातच.

म्हणून आधी ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन करून ठेवावं, मिनीला सुमारे २,०३० बाय १,२७५ पिक्सेल मिळतात. स्कॅनरच्या काचेवर फोटो चिकटून टेकला तर इंद्रधनुषी वलयं येतात, कडेला पुठ्ठ्याच्या पातळ चकत्या ठेवाव्यात. प्रत भिंतीवर आणि मूळ डब्यात, हे शहाण्यांचं सांगणं. पण प्रत लावायची तर इन्स्टंट काढला कशाला, हेही खरंच. मूळ लावलाच, तर दर सहा महिन्यांनी दुसऱ्या फोटोला भिंत द्यावी. नाहीतरी सगळ्या मामेबहिणींचे फोटो एकदम लावले की कोण मधे, कोण कडेला, यावरून वर्षभर बोलणं होतंच.