शेंगापोळीचा डबा परत आला

शुक्रवारी सकाळी पावणेनऊला पोरीच्या वर्गातल्या ख्रिसमस पार्टीसाठी नेलेला डबा शाळेच्या दारातच बाईंनी उघडला, आत बघितलं आणि झाकण लावून माझ्या हातात परत दिला. आत चोवीस शेंगापोळ्या होत्या, वाटीनं कापलेल्या, लहान मुलांच्या एका घासाच्या. आईनं सोलापूरहून पाठवलेलं शेंगदाण्याचं कूट मी दिवाळीपासून जपून ठेवलं होतं. गुरुवारी रात्री अकरापर्यंत लाटत बसले होते. बाई शांतपणे म्हणाल्या, "सॉरी, नट्स चालत नाहीत."

पार्टीबद्दलच्या शाळेच्या पत्रात ते लिहिलेलं होतं, हे कबूल. पण नट्स म्हटल्यावर माझ्या डोळ्यापुढं काजू-बदाम आले. शेंगदाण्याला आपल्याकडं सुकामेव्यात कोण धरतं? तो तर आपल्या घरी मिठासारखा असतो. खिचडीत, कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, आणि चटणी तर सोलापूरच्या नावानंच विकली जाते. पोरीला आत सोडलं आणि डबा छातीशी धरून घरी आले. लीड्समध्ये डिसेंबरात त्या वेळेला नुकतं कुठं उजाडत असतं. रस्त्यात मला रडू आलं. आम्ही काय विष घेऊन आलो होतो का?

लेक रिसेप्शनमध्ये आहे, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात. ख्रिसमसच्या सुट्टीआधीचे दोन-तीन आठवडे शाळेत अभ्यास असा नसतोच. एक दिवस जम्परचा. हरणं, बर्फ, घंटा विणलेला स्वेटर घालून जायचं आणि एक पौंड द्यायचा. सेव्ह द चिल्ड्रन संस्थेनं 2012 मध्ये सुरू केलेली ही प्रथा आहे. एक दिवस शाळेतच ख्रिसमसचं जेवण, कागदी मुकुट घालून. इंग्लंडात दुसरीपर्यंतच्या सगळ्या मुलांना शाळेत जेवण फुकट असतं, त्यामुळं त्या पंगतीत श्रीमंत-गरीब कळत नाही, ते मला फार आवडलं. मग मेळा, सोडत, केकविक्री. आणि बुधवारी दुपारी दोनला नेटिव्हिटी, म्हणजे येशूजन्माचं नाटक.

या नाटकाबद्दल मला सांगायलाच हवं. आमच्या पोरीला मेंढपाळ केलं होतं. सप्टेंबरपासून ही शाळेत जवळजवळ बोललीच नव्हती. घरी अखंड बडबड आणि तिथं तोंडाला कुलूप. पत्र आलं : मेंढपाळाच्या डोक्याला बांधायला भांडी पुसायचा एक टॉवेल पाठवा. इथं पिढ्यान् पिढ्या मेंढपाळ असेच नटतात म्हणे. माझ्याकडं भांडी पुसायचे टॉवेल होते, पण मी बॅगेच्या तळातून आपला सोलापुरी टॉवेल काढला. आमचे अण्णा आयुष्यभर मागावर उभे राहिले. सोलापूरच्या चादरीला आणि टॉवेलला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा त्यांनी पेपरातलं कात्रण देवघराशेजारी चिकटवलं होतं. त्यांच्या नातीच्या डोक्यावर दुसरं काही बांधायचं माझ्या मनात येणंच शक्य नव्हतं. हे लीड्सही एके काळी कापडाचंच गाव. आर्मलीची लोकरीची गिरणी आता संग्रहालय झाली आहे. तिथं गेलं की मला सोलापूरच्या जुन्या मिलचं कंपाउंड आठवतं.

वर्गात तीस मुलं आणि तिसांनाही काम. मेरी झालेली मुलगी पाकिस्तानी घरातली, एक राजा पोलिश, एक नायजेरियन. पाच मेंढ्या, सात तारे. एक तारा मध्येच रडायला लागला तर बाईंनी त्याला मांडीवर घेतलं आणि नाटक पुढं चालू. कुणी हसलं नाही. माझ्या पोरीला एकटीला वाक्य दिलं नव्हतं. तिघांनी मिळून म्हणायचं होतं, "लुक, अ स्टार!" तिनं हात वर केला आणि म्हणाली. मला ऐकू आलं. तिसऱ्या रांगेत त्या बुटक्या खुर्चीवर बसून मला ऐकू आलं.

चौथीत असताना गॅदरिंगच्या कोळीनृत्यातून मला आठ दिवस आधी काढलं होतं. मागची रांग वाकडी दिसते, असं कारण. आईनं लुगडं शिवून तयार ठेवलं होतं. त्या शाळेवर मी आजही रागावलेली नाही, एका बाईंकडं साठ-सत्तर मुलं असायची. पण बुधवारी त्या हॉलमध्ये मला ते हिरवं लुगडं आठवलं.

एक मात्र आमचंच चांगलं होतं. गॅदरिंगला आज्जी, मावशी, शेजारच्या अक्का, वाड्यातली सगळी पोरं यायची. इथं एका मुलामागं दोन तिकिटं आणि नाटक चालू असताना फोन बंद. काही मुलांचे फोटो त्यांच्या सुरक्षिततेसाठी बाहेर जाऊ द्यायचे नसतात, कारण योग्यच आहे. पण सोलापुरात तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते आणि माझी आई दिवा लावून, चष्मा पुसून, फोन हातात घेऊन बसली होती.

मावशीचा प्रश्न वेगळाच होता. "पोरीला किरिस्तावाच्या पूजेला बसवायलीस की काय?" इथल्या कायद्यानं आईबापांना शाळेतल्या प्रार्थनेतून मुलांना बाजूला ठेवता येतं. मी ठेवलं नाही. का ठेवावं? सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघाले की "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" आम्ही सगळेच ओरडायचो. माझ्या बाकावरची मैत्रीण मुस्लिम घरातली, ती आमच्या आधी होम मैदानावर पाळण्यापाशी उभी असायची. तिच्या अम्मीनं कधी तिला अडवलं नाही. मी तिथं वाढले आहे, मला हे सांगायला इंग्लंड लागत नाही.

पण परत त्या डब्याकडं येते, कारण तो मनातून जात नाही. शुक्रवारी रात्री मी वाचत बसले. इथल्या कायद्यात अन्नावर जाहीर करायचे चौदा ॲलर्जीचे पदार्थ आहेत. त्यात शेंगदाणा आहे, तीळ आहे, मोहरीसुद्धा आहे. म्हणजे आपली अख्खी संक्रांत आणि वरून फोडणी. 2016 मध्ये नताशा एडनान-लापेरूज नावाची पंधरा वर्षांची मुलगी सँडविचमधल्या तिळानं गेली. पुड्यावर तीळ लिहिलेला नव्हता. तिच्या आईवडिलांनी लढून कायदा बदलून घेतला, तो ऑक्टोबर 2021 पासून लागू आहे. आमच्या वर्गातही एका मुलासाठी ॲड्रेनलिनचं इंजेक्शन तयार ठेवतात, हे मला दुसऱ्या आईकडून कळलं. त्या मुलानं माझी पोळी उचलली असती तर, या विचारानं हात गार पडले. माझा एक मामेभाऊ शेंगदाण्याची चटणी खाल्ली की उलटी करायचा आणि आम्ही सगळे त्याला नखरेल म्हणायचो. त्याला फोन करून माफी मागितली.

तरीही एक सल आहेच. पार्टीत पाकिटातले वेफर्स आणि दुकानातली बिस्किटं आनंदानं घेतली, कारण त्यावर छापील यादी असते. घरचं केलेलं काहीच चाललं नाही, ज्यात शेंगदाणा नव्हता तेही. एका आजीनं केलेला साधा केकसुद्धा परत गेला. ज्या शाळेनं तीस मुलांना तीस कामं शोधून दिली, तिला हाताच्या चवीसाठी एखादी वाट काढता आली असती, असं मला मनापासून वाटतं.

शनिवारी व्हिडिओ कॉलवर पोरीनं डोक्याला टॉवेल बांधून आज्जीला तीच ओळ म्हणून दाखवली, या वेळी एकटीनं. आईनं तीन वेळा म्हणायला लावली. मग डब्याची हकीकत ऐकून थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "बरं केलं की त्या बाईनं. लेकरू तिचंबी असंल. मी कारळ्याची करून पाठवते, ते यादीत आहे का बघ."

कारळं यादीत नाही. आता इंग्रजीत ते नायजर सीड असं लिहून, कशात काय घातलंय त्याची यादी हातानं काढून, जानेवारीत शाळा उघडली की बाईंना देणार आहे.