सिएनातलं सोनेरी स्वयंपाकघर

फ्लॉरेन्सहून बसने सिएना. सगळे बरोबरचे मोठ्या चौकाकडे वळले, मी एकटीच उतार उतरून फोंतेब्रांदाला गेले. विटांच्या कमानींखाली हिरवट पाण्याचा जुना हौद आहे. चौदाव्या शतकात इथल्या रंगाऱ्यांचा आणि चांभारांचा धंदा याच पाण्यावर चालायचा. सिएनाच्या संत कॅथरीनचे वडील जाकोमो बेनिनकासा रंगारीच. १३४७ साली जन्मलेली ही मुलगी घरातलं विसाच्या पुढचं अपत्य! आई लापाचं काय झालं असेल, हाच विचार करत मी त्यांच्या घराचा चढ चढले. उतरताना मजेत होते, चढताना गुडघे बोलायला लागले.

घराची आता देवळं झालीत. मला बघायचं होतं स्वयंपाकघर. पाय ठेवला आणि हिरमुसलेच. निळं-सोनेरी छत, भिंतभर चित्रं, पायाखाली रंगीत फरश्या. धुराचा एक डाग नाही.

कॅथरीनची खरी साधना याच जागी झाली, असं मला वाटतं. घरच्यांनी लग्नाचं बघायला घेतलं, तर हिने केस कापून टाकले. लापा भडकली. मुलीची वेगळी खोली काढून घेतली आणि घरातली सगळी कामं तिच्या गळ्यात घातली. त्यावर पोरीने काय करावं? वडील म्हणजे येशू, आई म्हणजे मरिया, भाऊ म्हणजे येशूचे शिष्य असं मनाशी धरलं आणि सगळ्यांना आनंदाने वाढत राहिली. खोली नाही तर नाही, मनातच एक बांधली. तिचे गुरू रेमंड यांनी लिहून ठेवलंय की मांस भाजताना एकदा तिची समाधी लागली, ती निखाऱ्यांवर पडली, पण भाजली नाही. शेवटी वडीलच विरघळले आणि खोली परत मिळाली. ती अंधारी खोली जाळीतून दिसते. उशाला दगड.

पुढे हीच बाई १३७६ मध्ये फ्रान्समधल्या आविन्योंला जाऊन, तेव्हा तिथे राहणाऱ्या पोपना ‘रोमला परत चला’ म्हणून सांगून आली. हे पोप, अकरावे ग्रेगरी, पुढच्या जानेवारीत रोमला परतलेही. तिचा उपास मात्र मला पचत नाही. शेवटी शेवटी ती जवळजवळ काहीच खात नसे. १३८० मध्ये रोममध्ये वारली तेव्हा वय अवघं ३३.

धड रोमला, शिर सिएनाला. सान दोमेनिको चर्चमध्ये संगमरवरी देव्हाऱ्यात ते ठेवलंय. पांढऱ्या वस्त्रात गुंडाळलेला, काळपट पडलेला लहानसा चेहरा. मी दोनदा मान वळवली, तिसऱ्यांदा नीट बघितलं.

हे शिर गावात मिरवत आणलं तेव्हा लापा जिवंत होती म्हणतात. ऐंशीच्या पुढची म्हातारी, मिरवणुकीत चालत होती.