दारू सुटली, तरी मीटिंगला का जातो?

“नऊ वर्षे झाली, एक थेंब घेतला नाही, मग अजून दर बुधवारी आणि रविवारी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगला कशाला जाता?” हा प्रश्न मला कार्यालयातले सहकारी विचारतात, लग्नाकार्यात नातेवाईक विचारतात, आणि गेल्या महिन्यात माझ्या मोठ्या साळ्यांनी तो चार लोकांसमोर विचारला. मी किती पीत होतो आणि घरच्यांनी काय सोसले, हे विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. ते पुन्हा सांगत नाही. जे त्यांनी पाहिलेले नाही, तेवढेच लिहितो.

मीटिंग म्हणजे दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांनी एकत्र बसून बोलणे. तिला जाणे मी एकदा सोडून पाहिले आहे. अकरा महिने सोबर राहिल्यानंतर मला वाटू लागले की माझे काम झाले. नागपुरात सदरमधल्या ज्या खोलीत मीटिंग भरते, तिथे जमणारे लोक खरे मद्यपी, माझे प्रकरण तेवढे वाढलेले नव्हते, असे मी स्वतःला समजावले. आधी ऑडिटचे कारण सांगून एक बुधवार चुकवला, मग कारण सांगण्याचीही गरज वाटेनाशी झाली.

त्या वर्षी तान्हा पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या लाकडी बैलांच्या सणाला, मुलगी सहा वर्षांची होती. बायकोने तिच्या लाकडी नंदीला झूल शिवली होती, शिंगांना बेगड लावली होती, आणि संध्याकाळी पाच वाजता मी तिला मैदानावर न्यायचे, हे आठवडाभर ठरलेले होते. तोच पोळ्याच्या करीचा दिवस, आणि करीला आपल्याकडे मटण आणि दारू कशी चालते, हे नागपूरकरांना सांगायला नको. दुपारी मी शहरातल्या महाल भागात एका मित्राकडे मटणाच्या जेवणाला गेलो. कोणीतरी ग्लास पुढे केला. मला आग्रह झाला नाही, दुःख नव्हते, कोणाशी भांडण नव्हते. “अकरा महिने राहिलो, म्हणजे आता एक घेऊन थांबता येईल,” एवढाच विचार मनात आला आणि तो मला अगदी शहाणपणाचा वाटला. घरी पोहोचलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. नंदी उंबऱ्याजवळ उभा होता. आई नेते म्हणाली तरी मुलगी गेली नव्हती. बाबा येतील म्हणत अंधार पडेपर्यंत पायरीवर बसली आणि तिथेच झोपली. उचलून आत नेतानाही तिने नंदीची दोरी मुठीतून सोडली नाही, हे बायकोने मला दुसऱ्या दिवशी सांगितले. त्या रात्री बायको काहीच बोलली नव्हती.

एवढे झाल्यावर माणूस थांबेल असे तुम्हाला वाटेल. मी पुढे पाच आठवडे पीत राहिलो. शेवटी दवाखान्यात दाखल झालो, कारण रोज पिणाऱ्याने घरी एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, पुढे भ्रमही होतो, आणि त्यात जीव जाऊ शकतो. ते काम डॉक्टरांचेच आहे, मीटिंगचे नाही. हे मी नवीन येणाऱ्याच्या घरच्यांना पहिल्यांदा सांगतो.

मग मी त्या खोलीत परत गेलो. बोलणी खाण्याच्या तयारीने गेलो होतो. एका ज्येष्ठ सभासदाने खुर्ची ओढली, चहाचा कप हातात दिला आणि म्हटले, “बस. बरं झालं आलास.” माझे हात इतके थरथरत होते की अर्धा चहा सांडला. समोर बसलेले सगळे ते पाहत होते, आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाचे हात कधीतरी तसेच थरथरले होते.

आता मी त्या समोरच्या रांगेत बसतो. उपकार फेडायला जातो असे समजू नका. महालातल्या त्या दुपारी मला धोका दिसला नाही, आणि एकट्याने राहिलो तर तो पुन्हा दिसणार नाही, याची मला खात्री आहे. नवीन माणसाचे हात पाहिले की तो दिसतो. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सुरुवात झाली तीही अशीच. कामात अपयश आलेला एक शेअर दलाल, बिल डब्ल्यू., हॉटेलमध्ये एकटा होता, पिण्याची इच्छा अनावर होत होती, आणि स्वतःला वाचवण्यासाठी त्याने बोलायला दुसरा मद्यपी शोधला. तो दुसरा, डॉ. बॉब, पेशाने सर्जन. भेटीनंतर तोही एकदा घसरला, आणि त्याने दारू कायमची सोडली तो १० जून हाच संस्थेचा स्थापना दिवस मानतात. मी घसरून परत आल्यावर हे मला कोणी सांगितले तेव्हा मी रडलो होतो.

इच्छाशक्ती हवी, असे साळे म्हणतात. वर्ध्याला बदली घ्या, तिथे दारूबंदी आहे, असेही त्यांनी पूर्वी सुचवले होते. वर्ध्याला मी पिशवीतून बाटली नेलेली आहे, हे त्यांना आज प्रथमच कळेल. इच्छाशक्तीबद्दल मीही तेच म्हणत असे, आणि अकरा महिन्यांचा तो मी मला अजून खोटा वाटत नाही, ही माझी अडचण आहे. दारूचे व्यसन हा आजार आहे, हे मी मानतो. पण मुलगी पायरीवर बसून राहिली ते आजारामुळे की माझ्यामुळे, याचे उत्तर मला मीटिंगमध्येही मिळालेले नाही.

दारूपासून दूर राहण्यासाठी संस्थेने सांगितलेल्या बारा पायऱ्यांपैकी नववी सांगते की ज्यांना दुखावले त्यांची भरपाई करा, मात्र तसे करण्याने त्यांना किंवा इतरांना इजा होणार असेल तर नको. मुलगी आता सोळा वर्षांची होईल. ज्येष्ठ सभासद म्हणतात, बोल तिच्याशी. बायको म्हणते, राहू दे. तान्हा पोळा आला की मुलगी तो नंदी कपाटातून काढते, पुसते आणि परत ठेवते. तिला ती संध्याकाळ आठवते का, हे मी अजून विचारलेले नाही.