लेकीसाठी तरी दुसरं लग्न करा, असं तुम्ही म्हणता म्हणून

लग्नाच्या पंगतीत, एसटी स्टँडवर, कचेरीत चहाच्या वेळी, दवाखान्याच्या बाकावर. "बाकी काही नाही, पण लेकीसाठी तरी करा की हो." आजवर मी "बघू" म्हणत आलो. तेवढ्यानं विचारणाऱ्याचं समाधान होतं आणि मला तिथून निघता येतं. पण आता लेक अडीच वर्षांची झालीय, तिच्यासमोर बोललेलं तिला कळतं. गेल्या आठवड्यात कुणीतरी तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणालं, "हिला आई नको का?" रात्री अंथरुणात तिनं मला तेच विचारलं, "बाबा, आई नको का?" म्हणून एकदा सगळ्यांना मिळून नीट उत्तर देतो.

माझी बायको गेली तेव्हा लेक अकरा महिन्यांची होती. कशी गेली ते तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी खांदा दिलाय. ते पुन्हा उगाळत नाही.

तुम्ही वाईट मनानं विचारत नाही, हे मी जाणतो. तरी एक गोष्ट मला खटकते. माझी आत्या सत्ताविसाव्या वर्षी विधवा झाली, पदरात दोन वर्षांचा मुलगा. तिला सगळ्यांनी एकच सांगितलं, आता या पोराकडं बघून दिवस काढ. मलाही लोक पोरच दाखवतात, पण सांगतात उलटं: पोरीकडं बघ आणि लग्न कर. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, आत्याच्या वेळी त्याला सव्वाशे वर्षं उलटून गेली होती. तिच्यासाठी एकही स्थळ कुणी आणलं नाही. माझ्यासाठी वर्षश्राद्धाच्या आधीच फोटो यायला लागले. आणि आज सगळ्यांत जास्त आग्रह आत्याच करते. तिनं काय काय सोसलं ते तिला माहीत, म्हणूनच ती माझ्यामागं लागते, हेही मला समजतं. तरी तिच्यापुढं बसून या विषयावर बोलताना मला तिच्या डोळ्यांत बघवत नाही.

कचेरीतले एक साहेब महर्षी कर्व्यांचा दाखला देतात. त्यांचीही पहिली पत्नी गेली, मुलगा लहान होता, केलंच ना त्यांनी दुसरं लग्न? केलं, १८९३ साली, गोदूबाईंशी, आणि त्या विधवा होत्या म्हणून मुरूडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. ते लग्न घर सांभाळायला बाई हवी म्हणून झालेलं नव्हतं. साहेबांनी सुचवलेली स्थळं मात्र गरिबाघरच्या अविवाहित मुलींची, "पोरीला जीव लावील" एवढ्या एकाच गुणावर निवडलेली. पंचविशीतल्या कुणाच्या तरी मुलीला मी काय म्हणून घरात आणू? ये, आणि पहिल्या दिवसापासून दुसरीच्या लेकराचा ताप बघ? तिच्या मनात संसाराचं काही चित्र असेलच की. ते कुणी विचारायचं? "लेकीसाठी" या शब्दात त्या मुलीला जागाच नाही, आणि खरं म्हणजे मलाही नाही.

आता सांभाळण्याचं. अंगणवाडीत बसायला तीन वर्षं पूर्ण लागतात, तोवर शिधा घरी मिळतो, पण मूल दिवसभर ठेवता येत नाही. म्हणून गल्लीतल्या मावशींचं पाळणाघर. नऊला सोडतो, सहाला आणतो. त्याआधी भाकरी. लेकीला भाकरीचा फक्त वरचा पापुद्रा लागतो, गरम, दुधात बुडवून. भाकरी फुगली नाही तर पापुद्रा सुटत नाही, आणि पापुद्रा नाही तर जेवण नाही. आईकडून फोनवर ऐकून ऐकून शिकलो: ज्वारीच्या पिठात उकळतं पाणी घालायचं, तळहाताच्या टाचेनं मळायचं, कडेनं थापत न्यायचं, तव्यावर टाकल्याबरोबर पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी वाळायच्या आत उलटायचं. जरा उशीर झाला की तडा जातो. आता फुगते. फुगली की ती ओट्याखाली उभी राहून ओरडते, "पोट आलं, पोट आलं!" मग मी सुरीनं चीर देतो, वाफ निघते, आणि ती लांबूनच तिला फुंकर घालते. रोज सकाळी आमच्या घरात हे होतं. कीव करून आमच्या घराकडं बघणाऱ्यांना हे मी कसं दाखवू?

बालसंगोपन रजा घेतली तेव्हाही असंच. राज्य शासनानं २०१८ साली महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची ही रजा दिली, त्याच निर्णयात पत्नी हयात नसलेल्या पुरुषांनाही दिली. अर्ज घेऊन गेलो तर टेबलामागचा माणूस म्हणाला, ही बायकांची रजा आहे. शासन निर्णयाची प्रत खिशात होती, ती समोर ठेवली. मंजूर झाली. पण नंतर कितीतरी दिवस मला "काय, बाळंतपण झालं का?" असं विचारलं जाई. राग यायचा. अजूनही येतो.

पण मला सांगायचंय ते गेल्या पावसाळ्यातलं. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी चाळीस फुटांच्या इशारा पातळीकडं सरकत होतं. २०१९ चा पूर पाहिलेली सांगली अशा रात्री झोपत नाही, आमच्या गल्लीतही निम्मी घरं मोबाईलवर पातळी बघत जागी होती. लेकीला संध्याकाळपासून ताप होता. वजनाप्रमाणं पॅरासिटामॉल दिलेलं, अंग कोमट पाण्यानं पुसलेलं. दीडच्या सुमाराला पाणी पाजावं म्हणून तिला उचललं आणि तिचे डोळे वर गेले. अंग लाकडासारखं ताठ झालं, हातपाय झटके द्यायला लागले.

तापात अशी आकडी सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना येऊ शकते, शंभरात दोन ते पाच मुलांना येतेही, बहुतेक वेळा पाच मिनिटांच्या आत थांबते आणि मेंदूला इजा होत नाही. हे मला आज माहीत आहे. त्या वेळी माझ्याकडं फक्त आरोग्यसेविकेनं लसीकरणाच्या दिवशी सांगितलेली दोन-तीन वाक्यं होती: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. माझी हाक ऐकून शेजारी आले. एकानं कांदा फोडून आणला, एकानं हुंगवायला चप्पल, एक काकू म्हणाल्या दातखीळ बसलीय, चमचा घाला. मी कुणालाही हात लावू दिला नाही. तिला कुशीवर धरून भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याकडं बघत राहिलो. तीन मिनिटांनी झटके थांबले. ती तीन मिनिटं मला लिहिता येत नाहीत.

शेजारच्या दादांनी ओम्नी काढली. मिरजेला जाईपर्यंत ती माझ्या मांडीवर ग्लानीत होती. रुग्णालयात केसपेपर काढताना विचारलं, आई कुठंय? डॉक्टरांनी विचारलं, आई कुठंय? डॉक्टर चांगले होते, तपासून म्हणाले, घाबरू नका, एक रात्र नजरेखाली ठेवू. वर मुलांच्या वॉर्डात गेलो तर दारातच सिस्टर म्हणाल्या, "रात्री पुरुष माणसाला थांबता येणार नाही. आईला बोलवा. नसेल तर आजी, मावशी, कुणीही बाई चालेल."

कुणीही बाई. म्हणजे रस्त्यावरची अनोळखी बाई चालली असती, मी नाही.

नियमामागचं कारण मला तेव्हाही पटत होतं, आजही पटतं. एका खोलीत सात-आठ खाटा, अंगावर पाजणाऱ्या बाया, मध्ये पडदा नाही. पण माझी आई जतला, ताई पुण्यात, रात्रीचे तीन वाजलेले आणि बाहेर पाऊस. लेकीच्या डाव्या हाताला सलाईनची सुई लावली होती. हात हलू नये म्हणून खाली औषधाच्या खोक्याचा कापलेला पुठ्ठा, वर चिकटपट्टीचे वेढे, पुठ्ठ्यावर कसल्याशा औषधाची अर्धी छापील अक्षरं. उजव्या हातानं तिनं माझ्या शर्टाचं बटण धरलं होतं. झोपताना ती तेच धरते. सिस्टर "सोड गं बाळा" म्हणत तिची बोटं एकेक करून उलगडायला लागल्या. दोन बोटं सुटली.

मी म्हणालो, "सिस्टर, बोटं सोडवू नका." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "ही जागी झाली आणि मी दिसलो नाही, तर हिच्या ओळखीचं इथं कुणी नाही. तुम्ही मला बाहेर काढायला रखवालदार बोलवा, मी त्याच्या पाया पडेन, पण जाणार नाही."

पलीकडच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. कुठल्याशा खेड्यातली, नातवाला घेऊन आलेली. म्हणाली, "आवो बाई, ऱ्हाऊ द्या त्या बाप्याला. आमी पदर घिऊन बसताव, त्यो भितीकडं तोंड करंल." दुसऱ्या दोघी-तिघींनी मान हलवली. सिस्टरांनी थोडा वेळ काहीच केलं नाही. मग त्यांनी स्वतःच आमची खाट कोपऱ्यात ढकलली, सलाईनच्या दोन स्टँडांवर हिरवी चादर टाकली, आणि मला म्हणाल्या, "सकाळी सहाच्या आत बाहेर." मी भिंतीकडं तोंड करून बसलो. मागून बाळांच्या रडण्याचे, बायांच्या कुजबुजीचे आवाज येत होते. एकदाही मान वळवली नाही. उजाडेपर्यंत बटण तिच्या मुठीत होतं.

त्या भिंतीकडं बघत बसलो असताना मला तुमचं म्हणणं पटलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. घरात बाई असती तर ही वेळ आली नसती, आत्या म्हणते ते खरं आहे, विट्याच्या स्थळाला होय म्हणून टाकावं, इथपर्यंत मी आलो होतो. उजाडल्यावर तो विचार गेला असंही नाही, तो अजून अधूनमधून येतो. पण त्या रात्री मला नेमकं काय हवं होतं, याचा मी पुष्कळ विचार केलाय. मला बायको नको होती. मला त्या दारातून आत जायची परवानगी हवी होती. दारावरच्या नियमासाठी कुणा बाईशी जन्माची गाठ बांधायची, हे मला अजून पटत नाही. मुलांच्या वॉर्डात एक पडदा लावायचा खर्च किती येतो?

आता तुम्ही म्हणाल, मदतीला आल्या त्या बायाच की. आल्या. म्हातारी, सिस्टर, पाळणाघरातल्या मावशी, फोनवर भाकरी शिकवणारी आई. तेराव्याच्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "मीच हिची आई आणि मीच बाप." टाळ्या तेवढ्या वाजायच्या राहिल्या. आज ते वाक्य मला नकोसं वाटतं. मी तिची आई नाही. आईचा फोटो भिंतीवर आहे, ती रोज त्याला "टाटा" करते, आणि ती जागा मी घेऊ नये असं मला वाटतं. मी तिचा बाप आहे आणि बाप तिला न्हाऊ घालतो, तिच्या दोन शेंड्या बांधतो, तिचं दुखलं-खुपलं बघतो. हे आईचं काम बाप करतोय, असं बघणाऱ्याला वाटतं. तिला तसं वाटत नाही. पण तेराव्याला बोलणाऱ्या त्या माणसाला मी दोषही देत नाही. उभं राहायला त्याला काहीतरी हवं होतं.

तरी एकट्यानं सगळं होतं असं मी म्हणणार नाही. स्टँडवर तिला शू लागते तेव्हा पुरुषांच्या बाजूला न्यायचं की बायकांच्या दारात उभं राहून कुणा ताईला विनवायचं, हे मला प्रत्येक वेळी नव्यानं ठरवावं लागतं. पुरुषांकडची घाण बघून तिला उचलून तसाच बाहेर आलोय, अनोळखी बाईच्या हातात तिला देताना धास्तावलोही आहे. तुम्ही पुढचं विचारता: मोठी झाल्यावर काय कराल, तिची पाळी सुरू होईल तेव्हा कोण सांगणार? मी सांगीन. नीट शिकून घेऊन सांगीन, ताई आहे, डॉक्टर आहेत. तेवढं तिला पुरेल का? तिला बापाशी बोलायला अवघड वाटलं तर? याचं उत्तर माझ्याकडं नाही.

कुणी आवडली, तिला मी आवडलो, लेकीपलीकडं तिला माझ्यातही काही दिसलं, तरी लग्न करणारच नाही, अशी शपथ मी घेतलेली नाही. पण पोरीला आई आणून द्यायची म्हणून करणार नाही. आत्या म्हणते, तोवर तुझं वय निघून जाईल. जाईल. ते मलाही कळतं. तरी या वर्षी माझं उत्तर "बघू" नाही, "नको" असं आहे, आणि ते कृपा करून लेकीसमोर पुन्हा विचारू नका.