आमची वाटचाल : मातृवृक्ष गेले, रोपवाटिका राहिली

आमच्या रोपवाटिकेची हकिगत एकदा माझ्या बाजूने लिहायची होती. लोकांच्या कानावर आहे ती दुसऱ्या बाजूची.

पहिल्या संसारातला आणि धंद्यातला जोडीदार एकच होता. कलमं मी बांधायची, गिऱ्हाईक तो बघायचा. तो गेला तेव्हा गिऱ्हाइकांची वहीही घेऊन गेला. मातृवृक्ष, म्हणजे ज्यांच्या काड्या कलमाला घ्यायच्या ती झाडं, त्यांची जमीन त्याच्या नावावर, म्हणून कलमकाड्याही गेल्या. मग जवळच स्वतःची रोपवाटिका काढून तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला की हिच्याकडची काडी खात्रीची नाही. आमच्या धंद्यात याहून वाईट बोलणं नाही. आंब्याच्या कलमाला नीट फळ धरायला ३ ते ५ वर्षं लागतात. तोवर मी खरी आहे हे कुणाला आणि कशावरून दाखवणार? आगाऊ नोंदवलेली रोपं एकेकाने रद्द केली.

मागे राहिले पिशव्यांतले खुंट, म्हणजे ज्यांवर काडी बांधायची ती रोपं. खुंट कुणासाठी थांबत नाही. तो जून झाला की मृदकाष्ठ कलम, म्हणजे कोवळ्या फुटीवर बांधायचं कलम, धरत नाही.

लोक म्हणतात, रानातल्या शांततेत मन आपोआप सावरतं. माझं नाही सावरलं. शांततेत त्याचंच बोलणं ऐकू यायचं. मला सावरलं कलमाच्या चाकूने. एकाच बाजूला धार, बारीक दगडावर लावलेली, आणि दर थोड्या वेळाने स्पिरिटने पुसलेलं पातं. काडीला दोन्ही अंगांनी ४-५ सेंटीमीटरचा उतरता काप, खुंटाला तेवढीच चीर, आणि निदान एका बाजूने सालीखालचा हिरवा थर थराला भिडलाच पाहिजे. हात थरथरला की काप खडबडीत होतो, आत हवा राहते आणि काडी वाळते. म्हणून दिवसभर हात स्थिर ठेवायचा. हात स्थिर राहिला की संध्याकाळी जेवण जायचं, झोपही यायची.

पण बांधायला काडी कुठली? पहिल्या हंगामापासून आमच्याकडून रोपं नेणारे एक शेतकरी होते, विधुर. बोलणं त्यांच्याही कानावर गेलं होतं. ते येऊन एवढंच म्हणाले, "मॅडम, माझ्या झाडांना फळं लागलीत, मला कोण काय सांगणार? काड्या माझ्या बागेतून न्या." गेले तर फांद्यांची पानं आधीच काढलेली, देठ तेवढे ठेवलेले, डोळे फुगलेले. काम जाणणाऱ्याला कळेल, पानं ८-१० दिवस आधी काढावी लागतात. म्हणजे माझी अडचण त्यांनी तितके दिवस आधीच ओळखली होती, आणि मी कुणाकडे शब्द टाकला नव्हता. ओल्या गोणपाटात काड्या गुंडाळताना मला रडू फुटलं. ते पाणी आणायच्या निमित्ताने बाजूला गेले.

त्या हंगामात ते कलमाच्या सांध्यावर पट्टी बांधायला येऊ लागले. पुढे आम्ही लग्न केलं. (ह्यांची पट्टी अजूनही माझ्याइतकी घट्ट बसत नाही.) नंतरची वर्षं चांगली गेली, त्यात सांगण्यासारखं विशेष नाही.

जोडीने रोपवाटिका काढणाऱ्यांनो, मातृवृक्षांची जमीन दोघांच्या नावावर करा आणि गिऱ्हाइकांची वही दोन प्रतींत ठेवा. प्रेमात असताना हे बोलायला जड जातं, तरी बोला. सांध्याखालून खुंटाची फूट आली तर त्याच दिवशी खुडा. आणि २-३ महिन्यांनी पट्टी कापायला विसरू नका, नाहीतर ती खोडात रुतते आणि चांगलं धरलेलं कलम तिथेच मोडतं.

गेल्या हंगामात त्याच्या रोपवाटिकेतला माणूस आमच्याकडे काड्या मागायला आला. ह्यांचं म्हणणं पडलं, देऊन टाकाव्यात. मी दिल्या नाहीत, आणि यंदा आला तरी देणार नाही.