हानलेची रात्र आणि मुके झोत

लडाखमधलं न्योमा मागे पडलं तसा रस्त्यावर आमच्याशिवाय कुणी उरलं नाही. पलीकडच्या उतारावर तेवढा एक ट्रक होता. वळणावर त्याचे दिवे मिणमिणते वाटायचे, पण तोंड आमच्याकडे फिरलं की डोळे दिपायचे.

हानलेत मी आलो होतो ते ‘मेस’ पाहायला. भाभा अणुसंशोधन केंद्राची ही २१ मीटर व्यासाची गॅमा किरण दुर्बीण सुमारे ४,३०० मीटर उंचीवर उभी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचं उद्घाटन झालं. गॅमा किरण हवेतच संपतात. त्यातून उठणारी, क्षणाच्या अब्जांशात विझणारी निळसर चमक तिची ३५६ आरसा-पटलं गोळा करतात. संध्याकाळी कुंपणाबाहेरूनच पाहिली, तरी पाय निघेना.

रात्री गावातल्या ‘खगोलदूत’ ताईंनी घरामागे दुर्बीण लावली. गावातल्या लोकांनाच आकाश दाखवायचं शिक्षण दिलंय, ही मला हानलेची सर्वात मोठी श्रीमंती वाटली. सप्तर्षी डोक्यावर होते. त्यांच्यातच मार्केरियन ४२१ ही दीर्घिका आहे, डोळ्यांना न दिसणारी. तिच्या कृष्णविवराजवळून सुटलेला कणांचा झोत जवळजवळ आपल्याच रोखानं येतो, म्हणून ती गॅमा किरणांत झळाळते. ईशान्येला हंस तारकासमूह वर येत होता. त्यातली ‘हंस ए’ रेडिओ आकाशातली बलाढ्य दीर्घिका; झोत मात्र आपल्याला आडवे. रेडिओतल्या तेजाच्या मानानं गॅमा किरणांत ती जवळजवळ मुकीच.

“म्हणजे तोंड फिरवलंय, एवढंच?” ताईंनी विचारलं.

एवढंच नाही, आणि मला ओढ आहे ती पुढच्या भागाचीच. आपल्याकडे बऱ्यापैकी वळलेले, रेडिओत लखलखणारे काही झोतही २००८ पासून गॅमा किरणांत आकाश न्याहाळणाऱ्या ‘फर्मी’ उपग्रहाला सापडत नव्हते. २०१५ साली खगोलशास्त्रज्ञ मॅथ्यू लिस्टर आणि सहकाऱ्यांनी ते तपासले. झोत प्रचंड वेगानं आपल्याकडे आला की सापेक्षतेमुळे जे तेज वाढतं, ते त्यांच्यात कमी भरलं; शिवाय कोणत्या कंप्रतेला किती तेज, या आलेखातला त्यांच्या प्रकाशाचा पहिला उंचवटा खालच्या कंप्रतेला होता. झोतातले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरून हा उंचवटा घडवतात. तेच इलेक्ट्रॉन प्रकाशकणांना धडक देऊन त्यांची ऊर्जा वाढवतात आणि दुसरा, वरचा उंचवटा तयार होतो. गवयानं पट्टी उतरवली की तारसप्तकही उतरतं, तसा पहिल्याबरोबर दुसराही खाली येतो, आणि त्याचा बराचसा भाग ‘फर्मी’च्या टप्प्याखालीच राहतो. झोत गातच असतो, फक्त त्या पट्टीचा कान तिथे नसतो.

ताईंनी काही न बोलता दुर्बीण हंसाकडे वळवली. दिसले ते साधे तारेच. थंडीनं बोटं बधिर झाली, तरी आम्ही आळीपाळीनं बघत राहिलो.