रिकाम्या हातांचा प्रवासी

वाद्यवृंद दौऱ्यावर निघाला की विमानतळावर पियानोवादक ओळखायला सोपा. ज्याच्या हातात काहीच नाही, तो! चेलोवाल्याला आपल्या भल्यामोठ्या तंतुवाद्यासाठी वेगळं तिकीट काढावं लागतं, शेजारच्या सीटवर बसवून त्याला पट्टाही बांधावा लागतो. व्हायोलिनवाली वरच्या कप्प्याकडे टक लावून असते, कोणी तिच्या पेटीवर जड बॅग कोंबत तर नाही ना! पियानोवाला आपला निवांत कॉफी पीत बसलेला. मला त्याचा फार हेवा वाटायचा.

युरोप-अमेरिकेत उन्हाळा म्हणजे संगीत महोत्सवांची सुगी. स्वित्झर्लंडच्या डोंगरातलं व्हर्बिये, ऑस्ट्रियातलं साल्झबर्ग, फ्रान्समधलं ला रोक-दांतेरों, अमेरिकेतलं टँगलवुड. मागणी असलेला वादक आज इथे, परवा तिथे. पण मैफलीचा ग्रँड पियानो पावणेतीन मीटर लांब आणि वजनाला पाचशे किलोच्या घरात. तो कोण उचलणार? म्हणजे जिथे जाल तिथला पियानो. रोज संध्याकाळी अनोळखी घोड्यावर बसून शर्यत जिंकायची.

वादक आणि पियानो या दोघांची पहिली भेट बघण्यासारखी असते. दुपारी वादक येतो, आधी बाक वर-खाली करतो. मग एकच पट्टी पुन्हा पुन्हा, झरझर वाजवून बघतो, ती किती चटकन वर येते ते. मग अगदी हळू, हातोडा तारेला लागेल न लागेल इतक्या हलक्या हाताने. पेडल कुठे धरतं, वरचे सूर कर्कश आहेत का, खालचे घुमतात का. कर्कश असतील तर तंत्रज्ञ आतल्या हातोड्यांवरचं लोकरीचं फेल्ट सुईने टोचून मऊ करतो. एवढ्यात रंगमंच रिकामा करा म्हणून हाकारा येतो. ओळख संपली, आता रात्री थेट बेटहोवन.

त्यात उघड्यावरची मैफल असेल तर बघायलाच नको. उन्हाने तारा सैलावतात, सूर उतरतो; दमट हवेने लाकूड फुगतं, सूर चढतो. टँगलवुडला 1937 मध्ये तंबूतल्या मैफलीत असं वादळ घुसलं की पुढच्याच वर्षी तिथे पक्कं छप्पर उभं राहिलं. ला रोकला झाडांवर सिकाडा किड्यांचा वेगळाच वाद्यवृंद बसलेला असतो, आणि त्यांना मध्यंतर वगैरे मान्य नसतं.

यावर ज्याने त्याने आपापला तोडगा काढला. कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड वडिलांनी बनवलेली घडीची खुर्ची सगळीकडे घेऊन फिरे. शेवटी 1964 मध्ये त्याने जाहीर मैफलीच बंद केल्या, जो उपाय जरा टोकाचाच म्हणायचा. पोलंडचा पियानोवादक क्रिस्तियान झिमरमन स्वतःचा पियानो घेऊन जातो. 2001 च्या हल्ल्यांनंतर न्यूयॉर्क विमानतळावर त्याच्या वाद्यातल्या गोंदाच्या वासाचा संशय आला आणि अधिकाऱ्यांनी ते नष्ट केलं, असं तेव्हा छापून आलं होतं.

1986 हे साल मला या बाबतीत फार आवडतं. त्या वर्षी अमेरिकेत स्थायिक झालेला पियानोवादक व्लादिमिर होरोविट्झ साठ वर्षांनी मायदेशात, सोव्हिएत संघात वाजवायला गेला, तेव्हा न्यूयॉर्कच्या घरातला त्याचा पियानो मॉस्कोला गेला. आणि त्याच वर्षी, एकाहत्तरीचा सोव्हिएत पियानोवादक स्विआतोस्लाव रिख्टर सायबेरिया ओलांडत, वाटेतल्या गावोगावी वाजवत पूर्वेकडे निघाला. पियानो निवडत बसू नये, समोर येईल तो आपला म्हणावा, असं मानणारा हा माणूस. होरोविट्झची चैन मला समजते, पण माझं मत रिख्टरला. उन्हाळाभर फिरणारे बहुतेक वादकही त्याच्याच वाटेने जातात. अर्थात ते काही तत्त्व म्हणून नव्हे. पाचशे किलो वाहून नेण्याचं भाडं त्यांना कुठला आयोजक देणार?